प्रेमकथा लिहिणाऱ्यांसाठी

प्रेमकथा काय, कुणीही लिहील, असं म्हणणाऱ्यांनी ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ (१९३१) वाचावं. गुंतागुंत, निरगाठ, उकल यांचा केवढा विचार! आणि चंद्रकांत काकोडकर? ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’पायी अश्लीलतेचा खटला सोसला, १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. अशा लेखकाला ‘लोकप्रिय’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या अंकासाठी प्रेमकथा मागवतो आहोत. नायिका अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली असेल, तर वडाळ्याला ती कितीची लोकल पकडते आणि वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून कुठे जाणार, हे लेखकाला ठाऊक हवं. चंद्र, पाऊस नंतर.