मिशरीची डबी आणि हातभर दोरा

खेड्यातल्या आया-बहिणींना विचारून पाहा, मिशरीची सवय कशी लागली? पुष्कळजणी सांगतील, “दाढ लई ठणकत होती, तवापासून लागली.” शेजारणीने चिमूटभर दिली, ठणका दबल्यासारखा वाटला आणि डबी जी चंचीत शिरली ती शिरलीच.

मिशरी हे दंतमंजन नव्हे. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली ती तंबाखूच आहे. हिरडीला चोळली की तिच्यातले निकोटिन रक्तात उतरते. म्हणूनच सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दिवसातून चार-चारदा डबी उघडते. तोंडाचा कर्करोग, सैल झालेल्या हिरड्या, गरोदरपणी लावली तर कमी वजनाचे मूल, असे धोके तिच्यामागे येतात. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार?

तेव्हा नुसते “मिशरी सोडा” म्हणून भागायचे नाही. मुळात दाढ ठणकते का, हे पाहिले पाहिजे.

दाढेला पाच बाजू असतात. ब्रश, राखुंडी वा कडुलिंबाची काडी, काहीही वापरा, बाहेरची, आतली आणि चावण्याची अशा तीनच बाजू नीट घासल्या जातात. दोन दातांमधल्या फटीत भाकरीचा कण, मटणाचा धागा अडकून राहतो. तिथे जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते, रक्त येते, दाताला कीड लागते. मग एके रात्री दाढ झोपू देत नाही. आपण काय करतो? सेफ्टी पिन, आगकाडी, नाहीतर बाभळीचा काटा घेऊन टोकरत बसतो! हिरडी फाटते आणि घाण तिथेच राहते.

याला उपाय आहे फ्लॉसचा, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचा. हातभर दोरा घ्या, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत हळूच सरकवा आणि दाताला बिलगून खालीवर फिरवा. करवतीसारखा ओढू नका. रात्री जेवल्यावर एकदा केले तरी पुरे. पहिले काही दिवस थोडे रक्त येईल, घाबरू नका. दोन आठवड्यांनीही थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवा. फटी मोठ्या असतील तर त्यांच्यासाठी बारीक ब्रश मिळतो. मधुमेह असलेल्यांनी तर हे टाळूच नये. हिरड्या बिघडल्या की साखरही आटोक्यात राहत नाही.

अडचण अशी, की तंबाखूची पुडी गावातल्या टपरीवर मिळते आणि या दोऱ्यासाठी तालुक्याचे औषध दुकान गाठावे लागते. हे उलटे झाले पाहिजे. बचत गटांनी तो घाऊक आणून गावात विकावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी ब्रश आणि दोऱ्याचे वाण का देऊ नये? आशाताईंनी गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांबरोबर मिशरीचीही चौकशी करावी. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

पुरुष मंडळींनो, बायकांना उपदेश करण्याआधी आपल्या गालातला बार तेवढा थुंका. घरातली लेकरे दोघांकडेही बघत असतात.