हद्दपारीनंतर काय?

परकी गुन्हेगाराला हाकलून देण्याची घोषणा कोणत्याही सरकारला टाळ्या मिळवून देते. ब्रिटिश सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये 'आधी हद्दपारी, मग अपील' ही आपली योजना आठ देशांवरून तेवीस देशांपर्यंत वाढविली आणि त्या यादीत भारताचा समावेश केला. मानवी हक्कांच्या आधारे तेथे राहू देण्याची ज्या परदेशी गुन्हेगाराची मागणी फेटाळली गेली असेल, त्याला आधी मायदेशी धाडावयाचे आणि अपील त्याने येथूनच चालवावयाचे, असा या योजनेचा आशय आहे. बारा महिने वा अधिक कैद झालेल्या परदेशी नागरिकाला, काही अपवाद वगळता, हद्दपार करण्याचे बंधन तर २००७ च्या कायद्यानेच तेथील सरकारवर घातलेले आहे.

गुन्हा करणाऱ्या परकीयाला परत धाडण्याचा कोणत्याही राष्ट्राचा अधिकार आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न एकाच गुन्ह्यापुरता आहे. जेथे गुन्हेगार आणि त्याने छळलेली स्त्री एकाच छपराखाली राहतात, तेथे या धोरणाने त्या स्त्रीचे काय होते?

जोडीदाराला धाकात व कोंडमाऱ्यात ठेवणे हा इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासून गुन्हा आहे. २०२१ च्या कायद्याने आर्थिक आणि मानसिक छळही कौटुंबिक अत्याचारात मोडतो हे स्पष्ट केले. कायदे चांगले आहेत. परंतु कायद्याचे चाक फिरावयाचे तर आधी कोणीतरी तक्रार केली पाहिजे. पुण्याहून वा ठाण्याहून नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर तेथे गेलेली मुलगी ती कशी करील? त्याचा परवाना गेला की तिचाही धोक्यात येतो. 'पोलिसांत गेलीस तर दोघांनाही परत जावे लागेल,' एवढे एक वाक्य तिला गप्प बसविण्यास पुरेसे होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच.

ही भीती काल्पनिक नव्हे. पोलीस अशा स्त्रियांची माहिती परदेशी नागरिकांवर कारवाई करणाऱ्या खात्याकडे देतात, अशी तक्रार साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि लिबर्टी या संस्थांनी २०१८ मध्ये केली. यामुळे पीडितांचे नुकसान होते, हे २०२० मध्ये तपासणी करणाऱ्या अधिकृत यंत्रणांनीही मान्य केले. तथापि या दोन खात्यांमध्ये भिंत उभारण्यास सरकारने नकार दिला. फेब्रुवारी २०२४ पासून नोकरदार व विद्यार्थी यांच्या पत्नींनाही तात्पुरती सवलत मिळू लागली. पण ती अवघ्या तीन महिन्यांची, आणि तीतून कायम वास्तव्याचा हक्क निघत नाही. तीन महिन्यांत घर, नोकरी आणि मुलांची शाळा यांची व्यवस्था लावावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी कधी संसार केला आहे काय?

आता आपल्या बाजूस वळू. हद्दपार झालेला नवरा ज्या गावी उतरतो, तेथे बहुधा तिचे आईवडीलही राहतात. तेथील न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम येथे आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे २००५ चा कायदा आहे आणि त्यात संरक्षण अधिकाऱ्याची तरतूद आहे; पण ते अधिकारी नेमा, असा आदेश राज्यांना देण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर २०२५ मध्ये आली. यावरून आपली तयारी किती, हे ज्याचे त्याने समजावे.

शाळेत असताना आम्हीही दांडगट मुलांना वर्गाबाहेर उभे केले आहे. वर्ग शांत होई. पण त्या मुलाची खोड जात नसे, आणि मधल्या सुटीत मार खाणारा पुन्हा तोच असे. हद्दपारीची गत याहून वेगळी नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ब्रिटनने पत्नीचा वास्तव्याचा हक्क पतीच्या परवान्यापासून वेगळा करावा आणि तक्रार करणारीची माहिती पोलिसांपुरतीच ठेवावी. भारत सरकारने अशा प्रत्येक हद्दपारीची पूर्वसूचना मागून घ्यावी आणि ती त्या स्त्रीला, तसेच तिच्या माहेरच्या जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याला, वेळेत पोचवावी. किती गुन्हेगार विमानात बसविले, हा आकडा सरकारे मिरवतील. किती स्त्रिया निर्भयपणे पोलीस ठाण्याची पायरी चढल्या, हीच या धोरणाची खरी कसोटी होय.