झाड गेलं, आता जमिनीचं काय?



झाड तोडलं जातं तेव्हा आपल्या सगळ्यांचा जीव हळहळतो. कुणी मनात नवकार म्हणतं, कुणी खिडकी लावून घेतं. पण चार दिवसांनी त्याच जागी हिरवळ लावायचा विषय निघाला, की हळहळ संपलेली असते. मग चर्चा उरते ती दराची आणि किती लवकर हिरवं दिसेल याची. माझं मत असं, की झाड काढण्याचा जितका विचार करतो, त्याहून जास्त विचार या दुसऱ्या कामाचा करायला हवा. झाड एक होतं, त्याच्याखालच्या मातीतले जीव मोजता येणार नाहीत.

आमच्या सोसायटीच्या बागेतला गुलमोहर मे महिन्यात काढावा लागला. बुंधा आतून पोकळ झाला होता आणि खाली मुलं खेळतात. गुलमोहराची मुळं वरवर पसरतात, त्यामुळे पावसाळी वाऱ्यात तो कोसळण्याची भीती असतेच. वृक्ष प्राधिकरणाची रीतसर परवानगी घेतली होती. इथवर माझी काही तक्रार नाही. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, म्हणून तर आपल्यासाठी अणुव्रतं आहेत.

तक्रार आहे ती पुढच्या प्रस्तावाबद्दल. खड्डा बुजवा, वाळवीचं औषध ओता, वर तयार लॉनचे तुकडे अंथरा, आठ दिवसांत काम पूर्ण! वाळवी त्रींद्रिय, गांडूळ द्वींद्रिय. हे त्रस जीव आहेत, आणि त्यांची जाणूनबुजून हिंसा न करणं हे तर श्रावकाचं पहिलं व्रत. शिवाय हे औषध गरजेचंही नाही. ज्याची गरज नाही अशा हिंसेला आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात.

वाळवी येते ती मेलेलं लाकूड खायला. बुंधा जमिनीत तसाच ठेवून वर माती लोटली, तर आपणच तिला जेवायला बोलावलं. म्हणून बुंधा आणि जाड मुळं काढून घ्यावीत आणि भुसाही उचलून घ्यावा. तो मातीत मिसळला तर कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि वर लावलेलं गवत पिवळं पडतं. मग लोक त्याला रोग समजून आणखी फवारणी करतात. तोच भुसा बागेतल्या दुसऱ्या झाडांभोवती, खोडाला न चिकटवता पसरला, तर ओल टिकते.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दीड फूट खोल खड्डा म्हणजे साडेसदतीस घनफूट. माती बसते, म्हणून अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट मागवावी. त्यात सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं, पूर्ण मुरलेलं खत मिसळावं. थराथरानं भरून पायानं दाबावं आणि आजूबाजूपेक्षा दोन बोटं उंच ठेवावं. जमिनीत राहिलेली बारीक मुळं पुढची काही वर्षं कुजत राहतील आणि मधूनमधून खळगा पडेल. तेव्हा चाळलेली माती घालायची, इतकंच. पावसात तिथे अळंबी दिसली तर घाबरू नका. ती उरलेलं लाकूड कुजवत असते, गवताचं सहसा काही बिघडवत नाही. मुलांना मात्र हात लावू देऊ नका.

गवत कोणतं? आपली हरळी. तिच्या काड्या चार-चार इंचांवर हातानं खोचल्या, की पावसाळ्यात दोनेक महिन्यांत जागा भरते. झाड गेल्यानं तिथे आता कडक ऊन पडणार आणि हरळीला ऊनच हवं. उन्हाळ्यात ती वाळल्यासारखी दिसते, पण पाऊस पडला की पुन्हा फुटते. कायम हिरवी हिरवळ हवी असेल तर पाण्याचा हिशेबही पाहा. १०० चौरस फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, तर रोज साधारण ४६ लिटर, आणि एप्रिल-मे मिळून पावणेतीन हजार लिटर. घरात पाणी गाळून, जपून वापरणाऱ्या आपण बागेत इतकं अप्काय केवळ शोभेसाठी ओतणार का?

वेळेचंही पाहा. खणणं आणि भरणं पावसाआधी, जमीन कोरडी असताना उरकावं. पहिल्या सरींनी माती बसते, मग हरळी लावावी आणि चातुर्मास लागण्याआधी हात काढून घ्यावा. त्यानंतर त्या ओल्या जमिनीत इतके जीव असतात, की तिथे पायही न टाकलेला बरा. आपल्या जयणेत आणि माळ्याच्या वेळापत्रकात इथे भांडण नाहीच.

आणि सगळी जागा गवताला देऊ नये. जुन्या खड्ड्यापासून काही फूट बाजूला एक बकुळ किंवा सीताअशोक लावावा. हिरवळ डोळ्यांना बरी वाटते, पण दुपारी तिच्यावर कुणी बसू शकत नाही. सावली झाडच देतं.

अशा सभांमध्ये आपण बायका बहुतेक वेळा चहाचं पाहतो आणि मागे बसतो. बागेत सगळ्यात जास्त वेळ मात्र आपण आणि आपली नातवंडंच असतो. तेव्हा खर्चाचा कागद पुढे आला, की त्यावर दोन ओळी लिहून घ्यायला सांगा: जमिनीत औषध नाही, आणि एका नव्या झाडाला जागा. ठेकेदार कुरकुर करेल, सचिव घड्याळ बघतील. तरी सही त्यानंतरच करा.