लाकडाचे घर, कोळशाची चूल

परवा विहारात वंदना आटोपल्यावर आमच्या सदरमधील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मोबाईलवर एक बातमी दाखविली. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले की, व्हर्जिनिया राज्याच्या उत्तर भागात ती लाकूड वापरून डेटा सेंटर बांधीत आहे आणि त्यामुळे हवेत जाणारा कार्बन घटेल. "काका, शेवटी कंपन्यांनाही निसर्ग आठवला!" असे तो मोठ्या कौतुकाने म्हणाला. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. यंत्रातले आम्हाला त्याच्याइतके कळत नाही, पण जमाखर्च कळतो. म्हणून ती बातमी आम्ही खतावणीसारखी वाचली.

डेटा सेंटर म्हणजे काय, हे आधी घरातल्या भगिनींसाठी सांगतो. लग्नाचे फोटो आपण मोबाईलवरून पाठवितो, लेक परीक्षेचा निकाल पाहते, बँकेतले पैसे बोटाच्या टोकाने इकडचे तिकडे होतात. ही सारी माहिती काही आकाशातल्या ढगात साठत नाही. ती मोठमोठ्या इमारतींत रांगेने मांडलेल्या संगणकांत साठते. ते संगणक रात्रंदिवस चालतात, तापतात आणि त्यांना थंड ठेवायलाही वीज लागते. आपल्या राज्यात अशा इमारती मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आहेत.

बातमी खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून जे भक्कम लाकूड तयार करतात, ते काँक्रीटच्या जागी वापरता येते. सिमेंट आणि पोलाद तयार करताना फार धूर निघतो. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी प्रत्येकी सुमारे 7 ते 8 टक्के या दोन धंद्यांतून येतो. कंपनीच्या अंदाजाने लाकूड वापरल्यास बांधकामाचा कार्बन नेहमीच्या पोलादी इमारतीपेक्षा 35 टक्के आणि तयार काँक्रीटच्या इमारतीपेक्षा 65 टक्के कमी होतो. लाकडाचे वावडे आम्हा नागपूरकरांना तर मुळीच नाही. आमच्या शहरात लकडगंज नावाची वस्तीच आहे आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनातले सागवानही नागपूरहूनच गेले.

पण हे 35 टक्के कशाचे? बांधकामाचे. हिशेबाच्या पहिल्याच धड्यात शिकवितात की भांडवली खर्च वेगळा आणि चालू खर्च वेगळा. दुकान बांधण्याचा खर्च एकदाच होतो, दुकान चालविण्याचा रोज होतो. इमारतीचे लाकूड हा भांडवली खर्च आणि तिला लागणारी वीज हा चालू खर्च. बातमीचा मथळा पहिल्या रकान्याचा आहे. दुसऱ्या रकान्याचे काय?

चला, पाटीवर हिशेब मांडू. समजा, 10 मेगावॅटचे एक डेटा सेंटर आपल्याकडे आले. आजची मोठी सेंटरे याच्या कित्येक पट असतात, पण आपण लहानच धरू. वर्षभर अखंड चालले तर त्याला 8 कोटी 76 लाख युनिट वीज लागेल. महिन्याला 100 युनिट जाळणाऱ्या 73 हजार घरांची ही वीज झाली. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला सुमारे 61 हजार टन, दिवसाला 168 टन.

आता जमेची बाजू. समजा, इमारतीत 2 हजार घनमीटर लाकूड वापरले. एका घनमीटर सुक्या नरम लाकडात पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन साठलेला असतो. आपण उदार होऊन पूर्ण टन धरू. दोन हजार टन झाले. म्हणजे बारा दिवसांची वीज! सिमेंट-पोलादाची बचत म्हणून तेवढेच आणखी धरा, चोवीस दिवस झाले. इमारत तर वीस-तीस वर्षे चालायची. शिवाय ही जमाही तेव्हाच पक्की, जेव्हा तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढेल आणि इमारत पाडल्यावर ते लाकूड कुणी जाळणार नाही.

यावर कंपनी म्हणेल, आम्ही सूर्याची नि वाऱ्याची वीज विकत घेतो. इथेही खतावणीत एक गंमत आहे. विजेचा हिशेब दोन तऱ्हेने मांडता येतो. एकात, विकत घेतलेल्या स्वच्छ विजेचे करार व प्रमाणपत्रे मोजतात. दुसऱ्यात, त्या ठिकाणच्या तारांतून खरोखर येणारी वीज मोजतात. व्हर्जिनियातील विजेत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूचा आहे, प्रमाणपत्राने तो बदलत नाही. 2030 पर्यंत हवेत सोडतो त्याहून अधिक कार्बन काढून घेऊ, असा संकल्प याच कंपनीने 2020 मध्ये सोडला होता. 2024 च्या तिच्याच अहवालात कार्बन 2020 पेक्षा सुमारे 29 टक्क्यांनी वाढलेला दिसतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने 2024 मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. 2030 पर्यंत हा आकडा 945 अब्जांवर जाईल.

आमच्या कचेरीत एकदा परिपत्रक निघाले होते की, काटकसर म्हणून कागद दोन्ही बाजूंनी वापरावा. ते परिपत्रक एकाच बाजूला छापून प्रत्येक टेबलावर आले. साहेब दौऱ्यावर, केबिन रिकामी आणि आत वातानुकूलन यंत्र घुमते आहे! कागदाची बचत खोटी नव्हती हो, पण खर्च तिथे नव्हता.

वाचकहो, हे दूरच्या अमेरिकेचे गाऱ्हाणे नाही. सदरहून मानकापूरमार्गे निघालात की दहा-बारा किलोमीटरवर कोराडीच्या चिमण्या दिसतात. तिथे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. आणखी दोन संचांसाठी 29 मे 2023 रोजी जनसुनावणी झाली. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याच्या राख बंधाऱ्याला खिंडार पडले आणि राख शेतांत, कोलार आणि कन्हान नद्यांत गेली. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर लांबीची, 1500 मेगावॅट वाहून नेणारी लाईन 1999 पासून आहे. वीज तिकडे, राख इकडे. उद्या मुंबईत लाकडाचे सुंदर डेटा सेंटर उभे राहिले, तरी त्याची चूल आमच्या दारात पेटलेली असू शकेल. लाकडाच्या भिंतींचे छायाचित्र छापून येईल. राखेने भरलेल्या विहिरीचे कोण छापणार?

आम्ही विजेचे वैरी नाही. बाबासाहेबांचे अनुयायी तसे होऊच शकत नाहीत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून गरिबांची दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकीर्दीत. वीज माणसाच्या मुक्तीसाठी, हा त्यांचा दंडक. तो लावून विचारू या: ही वीज कुणाच्या घरात जाते, रोजगार कुणाला मिळतो आणि धूर कुणाच्या छातीत जातो?

पुरा हिशेब कसा द्यावा, हे विनयपिटकातील भदंत आनंद यांच्याकडून शिकावे. कौशंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची विरली त्या भिक्षूंना वाटू. मग विरलेल्यांचे? अंथरुणावर घालू. जुन्या अंथरुणांचे? असे विचारता विचारता शेवटच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवण्यापर्यंत उत्तर गेले. आनंदांनी एकही प्रश्न टाळला नाही, म्हणून राजाचे समाधान झाले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले, "बाळा, लाकूड चांगले आहे. पण बातमीत विजेचा आकडा कुठे आहे, तेवढा शोधून दे." तो पुन्हा पुन्हा पडदा वर-खाली करीत राहिला. मग म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी काढून आणतो." आमच्या पोरांनी असे आकडे काढायला शिकावे आणि पुढच्या जनसुनावणीला ते हातात घेऊन उभे राहावे. शिकण्याचा आणि संघटित होण्याचा अर्थ आम्ही तरी असाच घेतो.

जयभीम!