सिझरची वेळ आणि भूलतज्ज्ञाची रजा



कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करायचा, हे आपल्याला तोंडपाठ आहे. घरातल्या दिवस गेलेल्या बाईचा रक्तदाब कितीवर गेला की धोका, हे किती जण सांगतील? पाचव्या महिन्यानंतर १४०/९० झाला की डॉक्टरला दाखवायचे. १६०/११० झाला तर त्याच घटकेला निघायचे.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. हे आकडे मी उशिरा शिकलो. गेल्या वेचणीत चुलतभावाच्या बायकोला आठवा महिना होता. डोके ठणकत होते, हातातल्या बांगड्या रुतल्या होत्या, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. उन्हात वेचणी केली म्हणून होते आहे, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. रात्री झटके आले. बाहेरचे काही असेल म्हणून म्हातारीने लिंबू उतरवले, त्यात तास गेला.

ग्रामीण रुग्णालयात सिस्टरबाईंनी मॅग्नेशियम सल्फेट दिले, झटके थांबले. तेच बरोबर होते. आधी झटके आणि रक्तदाब आवरायचा, मग बाळंतपण उरकायचे. वार पडल्याशिवाय हा आजार उतरणीला लागत नाही. लवकर मोकळी होण्यासारखी नसेल तर सिझर. पण भूलतज्ज्ञ रजेवर!

जिल्हा साठ किलोमीटर. धीर धरवेना म्हणून वाटेतच खासगीत नेले. तिथे सहीला भावाने अर्धा तास लावला. सिझर म्हणजे पैसे काढायचा धंदा, हा आपला संशय. तो अगदीच खोटा नाही, पण त्या रात्री तो जिवावर बेतला असता. मायलेकरे वाचली. बिलापायी पाच क्विंटल कापूस खेडा खरेदीत पडेल त्या भावात गेला.

२०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, रक्त, औषधे, नेणे-आणणे सगळे फुकट आहे. भूल देणारा माणूसच नसेल तर त्या फुकटाचे काय लोणचे घालायचे?

बाजार समितीत भाव फळ्यावर लिहितात. तसे सिझरचा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त आज आहे की नाही, नसेल तर कुठे जायचे, हे तालुक्याच्या रुग्णालयाने रोज सकाळी दारावर लिहावे. जिल्हा बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. येताना आपल्या तालुक्याचा भूलतज्ज्ञ गेल्या महिन्यात किती दिवस हजर होता, ते विचारून या.