गुडघ्यातली गादी

मुलांनो, आधी आपापला कान धरा बरं! घाबरू नका, शिक्षा नाही. कानाचा वरचा भाग दुमडा आणि सोडा. झाला ना पुन्हा सरळ? त्याच्या आत हाड नाही, कूर्चा आहे. तिचीच एक बहीण आपल्या गुडघ्यात राहते. मांडीचं आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे दोन्ही टोकांवर तिचा जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. ही गादी आहे म्हणून तुम्ही खुशाल लंगडी घालता.

मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, सायकलवरून पडून माझा गुडघा फुटला, तो आठ दिवसांत बरा झाला. मग आजीचा का होत नाही? ती आता आमच्याबरोबर खाली जेवायलाही बसत नाही."

किती छान प्रश्न! कातडीला रक्त मिळतं, म्हणून जखम भरते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नसतात. दुरुस्तीचं सामान आणणारी गाडी तिथवर पोचतच नाही! कूर्चा एकदा गेली की भरून येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? कूर्चेत ७० ते ८० टक्के पाणीच असतं, हे त्यांनी पाहिलं. म्हणजे पाणी धरून ठेवणारा पदार्थ हवा. सब्जाचं बी भिजवल्यावर त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो ना? तसाच हा 'हायड्रोजेल'. डोळ्यात घालायची मऊ काँटॅक्ट लेन्सही हायड्रोजेलचीच. प्रागच्या ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरी, मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून आणि सायकलच्या डायनामोपासून यंत्र जोडून ती बनवली!

पण कूर्चेतला खड्डा वेडावाकडा. त्यात तुकडा नेमका बसवायचा कसा? इथे खरवस आठवा. चीक ओतताना पातळ असतो, वाफ मिळाली की भांड्याच्या आकारात घट्ट होतो. तसंच हे जेल पातळ असतानाच सुईने आत सोडायचं. अंगाच्या उबेने किंवा प्रकाशाने ते जागच्या जागी घट्ट होतं.

आता खरी अडचण. जिना उतरताना गुडघ्यावर वजनाच्या तिपटीएवढा भार येतो. तुमचं वजन ३० किलो, तर गुडघ्यावर ९० किलो! मऊ जेल चिरडूनच जाईल की! म्हणून त्याला बळकटी द्यायची. मातीच्या भिंतीत भुसा कालवतात, स्लॅबमध्ये सळया घालतात, तसे जेलमध्ये केसाहून बारीक धागे मिसळतात. जपानमध्ये ज्यान पिंग गोंग यांनी २००३ साली एकात एक गुंतलेल्या दोन जाळ्यांचं चिवट जेल दाखवलं. वेलाला काठीचा आधार द्यावा, तसा पेशींना या जेलचा आधार मिळतो. पुढे नवी कूर्चा वाढावी आणि जेल हळूहळू विरून जावं, अशी ही कल्पना.

अमेरिकेत २०१३ साली प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलचा १५ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांचे खड्डे चांगले भरले होते. पण ते लहान खड्डे होते, बरं का! आजीसारखी सगळी गादी झिजली असेल, तर असं जेल अजून पुरेसं नाही. "एका सुईत गुडघा नवा" अशी जाहिरात दिसली, तर भुलू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

मी त्या मुलाला हे सगळं खरंखरं सांगितलं. तो जरा हिरमुसला. पण दुसऱ्या दिवशी धावत आला. "बाई, काल आजीला जेवायला खुर्ची दिली आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो!"

शास्त्रज्ञांचं काम चालू राहील, मुलांनो. तोवर खुर्ची द्यायचं काम आपलं. आणि हो, आज रात्री चमचाभर सब्जा भिजत घाला. सकाळी काय दिसलं, ते वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या आठवड्यात!