शनवार तेली आणि वीकेंडचा बाप्पा

2025 साली गणेश चतुर्थी होती बुधवारी, 27 ऑगस्टला. आमच्या इथल्या मंडळानं (अमेरिकेतलं गाव, नाव सांगत नाही, उगाच भांडणं होतात) गणपती बसवला 6 सप्टेंबरला. का? तर बुधवारी ऑफिस, आणि पुढचा वीकेंड लेबर डेचा, म्हणजे निम्मी जनता कॅम्पिंगला. आता 6 सप्टेंबरला काय होतं? अनंत चतुर्दशी! लक्ष्मी रोडवरून मिरवणुका विसर्जनाला निघालेल्या आणि आम्ही इथे प्राणप्रतिष्ठा करतोय.

यावर बोललं की उत्तर ठरलेलं. "अरे, देव भावाचा भुकेला. देश तसा वेश."

वेशाबद्दल माझी काहीच तक्रार नाही हो. सोवळं नेसून स्टँडअप मीटिंगला बसा असं कोण म्हणतंय? पण वेश बदलणं वेगळं आणि देवाला कॅलेंडर इन्व्हाइट पाठवून "तुझ्या सोयीनं नाही, आमच्या सोयीनं ये" म्हणणं वेगळं.

परक्या मुलखात देव कसा सांभाळायचा याचं उत्तम उदाहरण आपल्याच कोकणात आहे. बेने इस्राएल. त्यांच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या गेल्या, हिब्रू हळूहळू विसरली. ही माणसं कोकणात पुरती मुरली. मराठी बोलू लागली, बायका नऊवारी नेसू लागल्या, आडनावं गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर. शेजाऱ्यांचा मान राखून गोमांस सोडलं. एलियाहू हनाबीला नैवेद्य मलिद्याचा, त्यात पोहे, ओलं खोबरं, साखर. म्हणजे 'देश तसा वेश' त्यांनी आपल्यापेक्षा शंभरपट जास्त केलं.

पण धंदा होता तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. एकही शनिवार त्यांनी सोयीसाठी रविवारवर ढकलला नाही. सुंता, शेमाची प्रार्थना, खवले-पर नसलेला मासा न खाणं आणि हा शनिवार, एवढ्यावर त्यांनी शतकानुशतकं काढली. ना रब्बी, ना ग्रंथ, ना गुगल. (सात वारांचा आठवडा आपल्याकडे होताच, नाहीतर मोजणीत कुठेतरी ऑफ-बाय-वन झालाच असता :-)) गावानं त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे, तेच त्यांचं नाव झालं. आपल्याला ऑफिसात कशावरून ओळखतात? डब्यातल्या फोडणीच्या वासावरून.

बरं, हे निष्ठेचं बक्षीस त्यांना लगेच मिळालं असंही नाही. इस्राएलला गेल्यावर 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी फतवा काढला, की लग्नाआधी यांच्या वंशाची चौकशी करा. ज्यांनी परक्यांत राहून देव सोडला नाही त्यांच्याकडे पुरावा मागितला तो घरच्यांनी! जेरुसलेममध्ये 1964 साली त्यांनी धरणं धरलं, तेव्हा कुठे तो बदलला.

आता आपलं रडगाणं: "रजा मिळत नाही." खरंच? अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला धार्मिक आचरणासाठी वाजवी सवलत द्यावी लागते. 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ते आणखी कडक केलं. किरकोळ अडचण दाखवून नकार चालत नाही, धंद्यावर मोठा बोजा पडतो हे दाखवावं लागतं. तो खटला कोणी लढला? रविवारी काम करणार नाही म्हणणाऱ्या एका पोस्टमननं! आणि आपल्याला बॉसला साधी ईमेल टाकायला संकोच. मागितलं की मिळतं. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा 1 नोव्हेंबर 2024 ला दिवाळीसाठी बंद होत्या, ते काही कोणाला स्वप्न पडून झालं नाही.

ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, त्याला मी एक शब्द बोलणार नाही. ती भीती खरी आहे. पण ग्रीन कार्ड होऊन दहा वर्षं झालेले काका जेव्हा म्हणतात "वर्किंग डेला कसं जमणार", तेव्हा हसू येतं. हवाईला जायला पाच दिवस जमतात की.

आणि मुलं बघतायत. त्यांना क्रिसमस 25 डिसेंबरलाच येतो हे पक्कं माहीत आहे, मग वार कोणताही असो. गणपती मात्र हॉलचं बुकिंग मिळेल तेव्हा येतो. यातला खरा देव कोणता, हे त्यांना सांगायला आपली गरज नाही.

मंडळाचा कार्यक्रम खुशाल शनिवारी करा. लावणी करा, बटाटेवडे करा, मी दोन जास्त खाईन. पण घरात चतुर्थीला चतुर्थी होऊ दे. 2026 ची आहे सोमवारी, 14 सप्टेंबरला. रजेच्या अर्जात कारण 'पर्सनल' लिहू नका, 'गणेश चतुर्थी' लिहा. मॅनेजरनं विचारलं तर सांगायला पाच मिनिटं लागतात.